मूल हट्टी नाही, आई चुकलेली नाही

आजचा विषय जरा अवघड आहे, पण परका नाही. हातातलं निवडणं-टिपणं चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या.

वाडी-वस्तीवर एखादं मूल असं असतं. तीन वर्षांचं झालं तरी हाक मारली की वळून बघत नाही. नजरेला नजर देत नाही. पाहिजे ती वस्तू बोटानं दाखवत नाही, आपला हात धरून तिथवर नेतं. खेळण्यातली गाडी चालवत नाही, उलटी करून तिचं चाकच फिरवत बसतं. मिक्सर लागला, वरातीचा बँड आला की कानावर हात दाबून किंचाळतं. रोजची ताटली बदलली तरी जेवत नाही.

मग बोलणारे बोलतात. एक म्हणतो, "हट्टी आहे, दोन फटके द्या." दुसरी म्हणते, "आईनंच लाडावून ठेवलंय." तिसरा म्हणतो, "बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा लावून आणा." तिन्ही बोलणी फिरून आईच्याच पदरात पडतात. काही घरांत तर सूनच बदलण्याची भाषा होते.

या मुलांमधल्या या वेगळेपणाला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. जगभर पाहिलं तर साधारण शंभर मुलांमागे एक मूल असं असतं. म्हणजे दोन-तीन वाड्यांचं गाव धरलं तरी त्यात एक-दोन मुलं असणारच. या मुलांच्या डोक्यात नेमकं काय चालतं, हे शोधायला काही तरुण विद्यार्थ्यांनी आपली उमेदीची वर्षं दिली. त्यांनी काय विचारलं आणि त्यांना काय सापडलं, ते आज सांगणार आहोत. ते कळलं की आईवरचा आळ आपोआप गळून पडतो.

आळ फक्त आपल्याकडेच आला नाही

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अशा ११ मुलांची हकिकत लिहिली. ही मुलं जन्मतःच अशी आहेत, असं त्यांनी त्यात म्हटलं होतं. पण त्याच लेखात त्यांनी आईवडिलांच्या थंड स्वभावाचाही उल्लेख केला. लोकांनी पहिलं वाक्य विसरून दुसरंच धरलं. पुढे ब्रूनो बेटलहाइम या नावाजलेल्या लेखकानं १९६७ मध्ये जाडजूड पुस्तक लिहून हा दोष आईवडिलांच्या, त्यातही आईच्या वागण्यावर टाकला. अशा आयांना तिकडे 'फ्रिज आई' म्हणत. फ्रिजसारखी थंडगार, लेकराला ऊब न देणारी. शिकल्या-सवरलेल्या, मोठ्या शहरातल्या बायांनी हा शिक्का वर्षानुवर्षं सोसला.

काही आईवडील मात्र गप्प बसले नाहीत. १९६२ साली लंडनमध्ये ते एकत्र आले आणि त्यांनी स्वतःची संस्था काढली. त्यात लॉर्ना विंग होत्या. त्या स्वतः डॉक्टर आणि स्वमग्न मुलीच्या आई. आपल्या गटासारखाच तो गट म्हणा ना. एकटीचं कुणी ऐकत नव्हतं, दहा जणी बसल्या तेव्हा ऐकावं लागलं.

पीएच.डी. करणारी मुलगी

त्याच सुमाराला जर्मनीतून एक तरुण मुलगी लंडनला शिकायला आली. तिचं नाव ऊटा फ्रिथ. जन्म १९४१ चा. मनोरुग्णांच्या मोठ्या दवाखान्याला जोडलेल्या संस्थेत ती शिकत होती. तिथं तिनं स्वमग्न मुलं पहिल्यांदा पाहिली, आणि त्यांच्याबद्दल पीएच.डी. करायचं ठरवलं.

पीएच.डी. केलेल्यालाही डॉक्टर म्हणतात, पण तो सुई टोचणारा डॉक्टर नव्हे. पीएच.डी. म्हणजे एकच प्रश्न घेऊन तीन-चार वर्षं त्याच्यामागे लागायचं. आपल्याला वाटतं म्हणून नाही, तर पडताळून बघून उत्तर द्यायचं, आणि ते जाणत्या लोकांपुढे मांडून त्यांच्या शंका झेलायच्या. शेतात दोन वाफे करून एकाला खत घालायचं, एकाला नाही, आणि मग बोलायचं, तसंच हे.

ऊटाचे गुरू होते बिआटे हर्मेलिन आणि नील ओ'कॉनर. 'आईनं काय केलं?' हा प्रश्न त्यांनी बाजूलाच ठेवला. 'हे मूल ऐकतं तेव्हा काय ऐकतं, बघतं तेव्हा काय बघतं?' हा प्रश्न धरला. त्यांनी मुलांना शब्द ऐकवले आणि परत म्हणायला सांगितले. कधी अर्थाचं वाक्य, कधी नुसते सुटे शब्द. इतर मुलांना अर्थाचं वाक्य पटकन लक्षात राहायचं, सुट्या शब्दांत ती अडखळायची. स्वमग्न मुलांना अर्थाचा तेवढा आधार होत नव्हता. सुटे शब्द मात्र ती चांगले लक्षात ठेवत. म्हणजे मुलाचे कान चांगले होते, आठवणही चांगली होती. ऐकलेलं एकत्र बांधायची रीत तेवढी वेगळी होती. ऊटानं आपल्या अभ्यासात हाच धागा पुढे नेला आणि १९६८ मध्ये तिची पीएच.डी. झाली.

आळाचं काय झालं? १९७७ मध्ये लंडनमध्येच सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होतं. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या ११ जोड्या होत्या. त्यांतल्या ४ जोड्यांत दोघंही स्वमग्न निघाले. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्या होत्या. त्यांत एकाही जोडीत दोघं निघाले नाहीत. आता विचार करा. जुळी कोणतीही असोत, आई एकच, घर एक, चूल एक. आईच्या वागण्यानं हे होत असतं, तर दोन्हीकडे आकडा सारखा यायला हवा होता. तो आला नाही. एकसारख्या जुळ्यांना आईबापांकडून मिळालेलं बीज एकच असतं, म्हणून फरक पडला. पुढे याहून कितीतरी मोठे अभ्यास झाले, आणि त्यांनीही हेच दाखवलं. स्वमग्नतेचं मूळ बरंचसं जन्माच्या आधीच, मेंदूच्या घडणीत असतं.

गोधडी आणि तुकडा

ऊटा फ्रिथ पुढे स्वतः गुरू झाल्या. त्यांच्याकडे अमिता शाह नावाची विद्यार्थिनी आली. तिनं चित्रांचा एक खेळ घेतला. मोठ्या चित्रात एक छोटा आकार दडलेला असतो. समजा, बाबागाडीच्या चित्रात त्रिकोण. तो शोधायचा. आपण आधी बाबागाडी बघतो, म्हणून त्रिकोण सापडायला वेळ लागतो. स्वमग्न मुलं यात सगळ्यांच्या अंदाजापेक्षा सरस निघाली. १९८३ मध्ये हे छापून आलं. तोवर या मुलांना काय येत नाही, याच्याच याद्या होत होत्या. इथं त्यांना जे चांगलं येतं ते दिसलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर गोधडी बघा. आपल्याला आधी अख्खी गोधडी दिसते, मग तुकडे. या मुलाला आधी तुकडा दिसतो. हा लाल, हा ठिपक्यांचा, इथला टाका उसवलेला. गाडीऐवजी चाकच का दिसतं, ताटली बदललेली आपल्याआधी त्याला का कळते, याचं उत्तर इथं आहे. आपल्याला भात तोच, भाजी तीच, म्हणून जेवण तेच. त्याला ताटली वेगळी, म्हणजे सगळंच वेगळं. हा हट्ट नव्हे.

टोपलीतली गोटी

फ्रिथ यांच्याकडे आणखी एक विद्यार्थी आला, सायमन बॅरन-कोहेन. त्याला प्रश्न पडला होता, दुसऱ्याच्या मनात काय आहे हे या मुलांना कळतं का? तो, फ्रिथ आणि अ‍ॅलन लेस्ली यांनी मिळून दोन बाहुल्यांचा खेळ केला. १९८५ मध्ये छापलेला हा प्रयोग आज जगभर शिकवतात.

एक बाहुली सॅली, दुसरी अ‍ॅन. सॅलीजवळ टोपली, अ‍ॅनजवळ डबा. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. मागून अ‍ॅन ती गोटी काढून आपल्या डब्यात ठेवते. सॅली परत येते. आता सांगा, सॅली गोटी कुठं शोधेल?

तुम्ही लगेच म्हणाल, टोपलीत. कारण अदलाबदल तिनं पाहिलीच नाही. साडेचार वर्षांच्या २७ मुलांना हे विचारलं, त्यांतल्या २३ जणांनी बरोबर सांगितलं. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांपैकी १२ जणांनी बरोबर सांगितलं. २० स्वमग्न मुलांपैकी मात्र १६ जणांनी डब्याकडे बोट दाखवलं. ही मुलं वयानं मोठी होती, साधारण बारा वर्षांची, आणि भाषेची समजही इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त होती. गोटी आधी कुठं होती, आता कुठं आहे, हे त्यांना अगदी नीट ठाऊक होतं. 'मला ठाऊक आहे ते सॅलीला ठाऊक नाही', एवढीच गाठ सुटत नव्हती.

हे घरात कसं दिसतं? मुलाला शाळेत कुणी मारलं, तर ते घरी येऊन सांगत नाही. त्याला वाटत असेल, मला ठाऊक आहे म्हणजे आईलाही ठाऊक आहे. पाहुण्याला तोंडावर 'तुम्ही जाडे आहात' म्हणतं. त्याला अपमान करायचा नसतो, दिसलं ते सांगितलेलं असतं.

आणि २० पैकी ४ मुलांनी बरोबर उत्तर दिलं होतं, हेही ध्यानात ठेवा. सगळी स्वमग्न मुलं एका साच्यातली नसतात. कुणी मुळीच बोलत नाही, कुणी अखंड बोलतं. कुणाला आयुष्यभर सोबत लागते, कुणी कॉलेज करून नोकरी करतं. हा बाहुल्यांचा खेळ घरी करून 'आहे की नाही' असं ठरवू मात्र नका. निदान करायचं ते काम नव्हे.

फ्रिथ यांच्याच हाताखाली फ्रान्चेस्का हॅपे यांनी आणखी पुढचा अभ्यास केला. त्यांनी छोट्या गोष्टी रचल्या. त्यांत माणसं बोलतात एक आणि त्यांच्या मनात असतं दुसरंच. थट्टा, टोमणा, दिखाव्यापुरतं खोटं. चांगलं बोलणाऱ्या स्वमग्न मुलांनाही अशा गोष्टींत अडचण येत होती. आपलं बोलणं आठवून बघा. "ये घरी, दाखवते तुला." "वा, काय पराक्रम केलास!" "जीव खाऊ नकोस माझा." मूल शब्द जसेच्या तसे धरतं. आई काय दाखवणार म्हणून आनंदानं येतं, आणि पाठीत धपाटा बसतो.

पूल दोन्हीकडून बांधायचा

इथं एक वळण आलं. स्वमग्न मुलं मोठी झाली, शिकली, आणि स्वतः संशोधक झाली. डेमियन मिल्टन हे त्यांतले एक. २०१२ मध्ये त्यांनी म्हटलं, आम्हाला तुमचं मन कळत नाही म्हणता, पण तुम्हाला तरी आमचं कुठं कळतं? अडचण दोघांच्या मध्ये आहे, एकाच्याच डोक्यात नाही.

२०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या साथीदारांनी हे पडताळून पाहिलं. एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आपल्या कानगोष्टीच्या खेळासारखं. सगळे स्वमग्न असतील तर गोष्ट तितकीच नीट पोचली, जितकी इतरांच्या रांगेत. स्वमग्न आणि इतर असे मिसळून बसवले, तेव्हा मात्र जास्त गळती झाली.

आपल्याला हे पटायला हरकत नाही. कोकणातली मुलगी विदर्भात नांदायला गेली की पहिलं वर्ष तिला सासरचं बोलणं कळत नाही, सासरला तिचं. त्यात सून मूर्ख ठरत नाही. दोघांनी एकेक पाऊल टाकावं लागतं. इथं फरक एवढाच की मूल लहान आहे, म्हणून पहिलं पाऊल आपलं.

मेंदू आणि औषध

आता विचाराल, मेंदूचा फोटो काढला तर कळेल का? नाही. स्वमग्नता दाखवणारा फोटो किंवा रक्ताची तपासणी आज नाही. मेंदूत गाठ नसते, जखम नसते. मेंदूच्या भागाभागांतली जोडणी आणि कामाची वाटणी वेगळी असते, आणि तीही मुलागणिक वेगळी. निदान होतं ते मुलाला खेळताना, बोलताना जवळून बघून आणि आईला नीट विचारून. म्हणून तुमचं सांगणं फार मोलाचं आहे.

लसीनं हे होतं, अशीही अफवा फिरते. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या एका लेखावरून ती पसरली. तो लेख चुकीचा ठरून २०१० मध्ये मासिकानं मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा हिशेब तपासला, त्यातही गोवराच्या लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध दिसला नाही. लस चुकवू नका.

स्वमग्नता मुळापासून घालवणारं औषध नाही. कुणी छातीठोक हमी देऊन पन्नास हजार मागत असेल, तर मंगळसूत्र गहाण टाकू नका. सोबत फिट्स, झोपेचा त्रास असेल तर त्यावर उपचार असतात, ते डॉक्टरांना विचारून जरूर घ्या. बाकी लवकर ओळखणं, समजून शिकवणं आणि घरानं थोडं वळण बदलणं, याचाच मोठा उपयोग होतो.

घरात काय करता येईल

वर सांगितलेले प्रयोग आपल्या उंबऱ्याच्या आत असे कामाला येतात:

• बोलणं छोटं आणि सरळ ठेवा. "नीट वाग" म्हणण्यापेक्षा "इथं बस" म्हणा. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि थोडं थांबा.

• बदल आधी सांगा. मामाच्या गावाला जायचं असेल तर आदल्या दिवसापासून सांगा. उठणं, अंघोळ, जेवण, अंगणवाडी, झोप अशी चित्रं ओळीनं भिंतीवर लावा. मासिकातली कापलेली चित्रंही चालतात.

• आवाज, उजेड, गर्दी त्याला बोचते का, ते बघा. लग्नात मांडवाच्या कडेला जागा धरा. मिक्सर लावण्याआधी सांगा.

• त्याला जे आवडतं तिथून सुरुवात करा. चाक आवडतं तर चाकांनीच मोजायला शिकवा. धान्य निवडणं, बांगड्या रंगावार लावणं ही कामं काही मुलं आपल्यापेक्षा सुबक करतात.

• मारू नका. मारानं भीती शिकता येते, बोलणं शिकता येत नाही.

दार कुठलं ठोठवायचं

वर्षाचं मूल हाकेला वळत नाही, दीड वर्षाचं बोटानं काही दाखवत नाही, किंवा बोलू लागलेले शब्द एकाएकी थांबले, तर "बोलेल हळूहळू, बापही उशिरा बोलला होता" असं म्हणून दोन वर्षं घालवू नका. आशाताईंना, अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्यांना दाखवा. ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. अशा मुलांसाठी तिथल्या केंद्राला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र म्हणतात. आधी कान तपासून घ्या, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. मुलीही स्वमग्न असतात. "शांत आहे, गुणाची आहे" म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्चाची सोय आहे. दिव्यांग आहे म्हणून मान्यताप्राप्त शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता गटाचं काम. पुढच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं हा विषय काढा. आपल्या गावात अशी आई असेल तर तिला सल्ले द्यायला जाऊ नका, तिच्या मुलाजवळ तासभर बसायला जा. तेवढ्यात ती अंघोळ करील, चार घास सुखानं खाईल. तालुक्याला, जिल्ह्याला जाताना एकीनं सोबत जा. हळदी-कुंकवाला तिला मुलासकट बोलवा, आणि मूल ओरडलं तर माना वळवू नका.

आणि कुणी म्हणालंच की "आईनंच बिघडवलं", तर त्या २१ जुळ्या जोड्यांचा हिशेब सांगा. तुमचे प्रश्न आम्हाला कळवा, त्यांची उत्तरं आम्ही जाणकारांना विचारून पुढच्या गप्पांत देऊ.